लायब्ररीत सबफोल्डर दिसत नाही? आधी त्याचा खरा पत्ता शोधा

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'लायब्ररीज'खालचं डॉक्युमेंट्स उघडलं आणि कालच केलेला फोल्डर तिथे नाही. सर्चला सापडतो, वर्डच्या अलीकडच्या फाइल्समध्येही दिसतो, पण लायब्ररीत मात्र गायब. कधी याच्या उलट होतं: एकाच नावाचे दोन-तीन फोल्डर दिसतात आणि आपल्या फाइल्स नेमक्या कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते कळत नाही. अशा वेळी घाईने काहीही डिलीट करू नका. बहुतेक वेळा फाइल्स जागेवर सुखरूप असतात, चुकलेलं असतं ते दाखवणं.

लायब्ररीत एकही फाइल राहत नाही. विंडोज ७ बरोबर २००९ साली लायब्ररी आली तेव्हापासून तिचं स्वरूप हेच आहे: लायब्ररी म्हणजे एक छोटी एक्सएमएल फाइल. तिचं एक्स्टेन्शन 'लायब्ररी-एमएस' असतं आणि ती यूजरच्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये रोमिंग, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग लायब्ररीज अशा ठिकाणी असते. कोणकोणते फोल्डर एकत्र दाखवायचे, नवी फाइल त्यातल्या कशात ठेवायची आणि यादी कोणत्या साच्यात मांडायची, एवढंच त्या फाइलीत लिहिलेलं असतं. एका लायब्ररीत जास्तीत जास्त ५० फोल्डर जोडता येतात. म्हणून आख्खी लायब्ररी डिलीट केली तरी फाइल्स जात नाहीत. पण लायब्ररी उघडून आतला फोल्डर डिलीट केला, तर तो डिस्कवरून खरोखर जातो. कामाच्या फाइल्स गमावल्या जातात त्या इथेच.

एका खिडकीत चार डॉक्युमेंट्स

डाव्या बाजूच्या पट्टीकडे नीट पाहा. सगळ्यात वर क्विक ॲक्सेसमध्ये पिन केलेलं डॉक्युमेंट्स असतं. विंडोज १० मध्ये 'धिस पीसी'खाली एक असतं. वनड्राइव्ह चालू असेल तर त्याच्या आत एक. आणि 'लायब्ररीज'खाली आणखी एक. पहिले तीन फोल्डर आहेत, चौथी यादी आहे. त्या तिघांचाही पत्ता एकच असेल असं नाही.

पत्ता पाहण्याची खात्रीची रीत अशी: हरवला वाटणारा फोल्डर किंवा त्यातली एखादी फाइल सर्चने शोधा, तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'जनरल' टॅबवरची 'लोकेशन'ची ओळ वाचा. मग लायब्ररीत जी फाइल नीट दिसते, तिचंही लोकेशन वाचा. दोन्ही ओळी कागदावर एकाखाली एक लिहून काढा. फरक कुठे आहे ते तिथेच उघड होतं. ॲड्रेस बारवर विसंबू नका. लायब्ररीतून आत शिरलात की तिथे 'लायब्ररीज, डॉक्युमेंट्स' अशी वाट दिसते, खरा ड्राइव्ह दिसत नाही.

नेहमी आढळणारा फरक वनड्राइव्हचा. वनड्राइव्हमध्ये फोल्डरचा बॅकअप चालू केला की डॉक्युमेंट्सची नोंद यूजरच्या फोल्डरमधून उचलून वनड्राइव्हच्या आतल्या डॉक्युमेंट्सवर जाते. लायब्ररी नव्या जागेकडे बघू लागते. पण काही जुने प्रोग्राम जुना पत्ता पाठ करून बसलेले असतात. ते सी ड्राइव्हवरच्या आधीच्या जागी डॉक्युमेंट्स नावाचा फोल्डर पुन्हा तयार करतात आणि तिथेच लिहीत राहतात. तो फोल्डर लायब्ररीच्या यादीत नसल्यामुळे त्यातलं काहीच दिसत नाही. उपाय दोन: त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये सेव्हची जागा बदला, किंवा जुना फोल्डरही लायब्ररीत जोडा. वनड्राइव्हचा बॅकअप मध्येच बंद केलात तर बहुतेक वेळा फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात आणि मूळचं डॉक्युमेंट्स रिकामं दिसतं. घाबरू नका, वनड्राइव्ह उघडून तिथून त्या हाताने हलवा.

लायब्ररीज दिसतच नसतील तर

विंडोज ८.१ पासून 'लायब्ररीज' डाव्या पट्टीत सुरुवातीला लपवलेल्या असतात. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅब, मग 'नेव्हिगेशन पेन', मग 'शो लायब्ररीज'. विंडोज ११ मध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा, 'ऑप्शन्स' उघडा, 'व्ह्यू' टॅबवर यादीच्या तळाशी 'शो लायब्ररीज'ची चौकट आहे, ती टिक करा. त्याच यादीत 'एक्स्पांड टू ओपन फोल्डर' आहे. उजवीकडे एखादा खोलवरचा फोल्डर उघडला तरी डावीकडची फांदी मिटलेलीच राहते अशी तक्रार असेल, तर हीच चौकट टिक करायची.

नवा फोल्डर जोडायला त्याच्यावर राइट क्लिक करून 'इन्क्लूड इन लायब्ररी' निवडा. विंडोज ११ मध्ये त्याआधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. आत काय काय जोडलेलं आहे ते लायब्ररीच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं, आणि तिथलं 'रिमूव्ह' बटण फोल्डरला फक्त यादीतून काढतं, डिस्कवरून नाही.

त्याच खिडकीत 'सेट सेव्ह लोकेशन' आहे. ज्या फोल्डरपुढे बरोबरची खूण असते त्यातच लायब्ररीवर टाकलेली फाइल जाऊन पडते. डी ड्राइव्हवरचा फोल्डर जोडला, पण खूण सी ड्राइव्हवरच राहिली, तर ओढून टाकलेलं सगळं सीवर जातं आणि डीमध्ये शोधत बसावं लागतं. फोल्डर जोडल्याबरोबर ही खूण तपासा.

फोल्डर यादीत आहे, तरी सबफोल्डर नाही

पत्ता बरोबर निघाला तर मांडणीकडे वळा.

लायब्ररीच्या पहिल्या पानावर प्रत्येक जोडलेल्या फोल्डरचं नाव मथळ्यासारखं येतं आणि त्याखाली त्यातले सबफोल्डर येतात. मथळ्याच्या टोकाशी छोटा बाण असतो. त्यावर चुकून क्लिक झालं की आख्खा गट मिटतो, फक्त नाव आणि आकडा उरतो. मथळ्यावर राइट क्लिक करून 'एक्स्पांड ऑल ग्रुप्स' केलं की सगळं परत उलगडतं. विंडोज ७ मध्ये वर उजवीकडे 'अरेंज बाय' असतं. ते 'फोल्डर'ऐवजी 'मंथ' किंवा 'टॅग'वर असेल तर सबफोल्डरच्या भिंतीच नाहीशा होतात आणि आतल्या फाइल्स महिन्यांप्रमाणे गठ्ठे करून दिसतात. ते परत 'फोल्डर' करा.

'डीटेल्स' व्ह्यूमध्ये कॉलमच्या मथळ्याजवळ बाणाखाली गाळणी असते: नावाच्या पहिल्या अक्षरानुसार, तारखेनुसार, प्रकारानुसार. गाळणी लागलेली असली की त्या कॉलमच्या मथळ्यावर बारीकशी बरोबरची खूण दिसते. ती इतकी लहान असते की सहज नजरेतून सुटते. चौकटींमधल्या सगळ्या टिक काढल्या की गाळणी उठते.

फोल्डर लपवलेला असण्याची शक्यताही पाहा. 'हिडन आयटेम्स' चालू करून तो फिकट रंगात दिसू लागला, तर प्रॉपर्टीजमधली 'हिडन'ची टिक काढा. पण ती चौकटच राखाडी असेल आणि बदलू देत नसेल, तर त्या फोल्डरवर 'सिस्टिम'चीही खूण आहे. पेन ड्राइव्हवरून पसरणारे शॉर्टकट व्हायरस नेमकं हेच करतात: मूळ फोल्डर दोन्ही खुणांनी लपवतात आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतात. आधी अँटिव्हायरसने स्कॅन करा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या ड्राइव्हवर जाऊन 'ॲट्रिब -एच -एस /एस /डी' ही कमांड रोमन अक्षरांत चालवा. शेवटचा /डी विसरलात तर फक्त फाइल्स मोकळ्या होतात, फोल्डर लपलेलेच राहतात. ही कमांड पेन ड्राइव्हवर किंवा तुमच्या डेटाच्या फोल्डरवरच चालवायची, सी ड्राइव्हच्या मुळाशी कधीच नाही. तिथले लपलेले फोल्डर लपलेलेच बरे.

पोर्टेबल हार्ड डिस्कवरचा फोल्डर जोडला असेल आणि डिस्क काढलेली असेल, तर तो भाग अर्थातच रिकामा दिसणार. डिस्क परत लावल्यावर तिला वेगळं अक्षर मिळालं तरी तेच होतं. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन तिला एक ठरावीक अक्षर द्या. वर्णमालेच्या शेवटचं दिलंत तर दुसऱ्या डिस्कशी टक्कर होत नाही.

ऑफिसच्या नेटवर्कवरचा फोल्डर जोडताना तो इंडेक्स केलेला नाही म्हणून जोडता येत नाही, असा संदेश येतो. लायब्ररी विंडोज सर्चच्या इंडेक्सवर, म्हणजे सर्चने आधीच करून ठेवलेल्या फाइल्सच्या सूचीवर, उभी आहे, त्यामुळे हा अडथळा येतो. सरळ मार्ग म्हणजे नेटवर्क फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन' करणं. त्याची प्रत तुमच्या डिस्कवर येते, म्हणून आधी मोकळी जागा बघा. दुसरी युक्ती अशी: डिस्कवर एक रिकामा फोल्डर करा, तो लायब्ररीत जोडा, मग तो डिलीट करून त्याच जागी त्याच नावाची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे फोल्डरसारखा दिसणारा पण दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा, नेटवर्ककडे करा. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एमकेलिंक /डी' वापरतात. फोल्डर दिसू लागतो, पण त्यातल्या फाइल्स इंडेक्स होत नाहीत. सर्चची सवय असलेल्यांनी हा मार्ग घेऊ नये.

अनेक जण पहिल्याच झटक्यात इंडेक्स रीबिल्ड करायला घेतात. फाइल्स भरपूर असतील तर त्याला तासन्‌तास लागतात. फाइल फोल्डरमध्ये दिसते पण सर्चला सापडत नाही, अशा तक्रारीसाठीच तो उपाय ठेवा.

लायब्ररीच बिघडली असेल तर

लायब्ररी उघडताना ती आता चालत नाही आणि निर्धास्त डिलीट करता येईल, असा संदेश कधीकधी येतो. तो संदेश खरा आहे. तरीही आधी ॲपडेटामधल्या लायब्ररीज फोल्डरची प्रत काढून ठेवा. मग बिघडलेली लायब्ररी डिलीट करा, डाव्या पट्टीत 'लायब्ररीज'वर राइट क्लिक करा आणि 'रिस्टोअर डिफॉल्ट लायब्ररीज' निवडा. डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स आणि व्हिडिओज कोऱ्या होऊन परत येतात. तुम्ही स्वतः जोडलेले फोल्डर मात्र पुन्हा जोडावे लागतात.

नाव एक दिसतं, असतं दुसरं

डॉक्युमेंट्सची जागा बदलून ती डी ड्राइव्हवरच्या 'कागदपत्रे' या फोल्डरवर नेली, तर एक्सप्लोरर त्या फोल्डरलाही 'डॉक्युमेंट्स' असंच नाव दाखवू लागतो. सर्व्हरवर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावाचा फोल्डर असेल आणि प्रत्येकाचं डॉक्युमेंट्स तिथे वळवलेलं असेल, तर व्यवस्थापकाला एकाखाली एक तीस वेळा 'डॉक्युमेंट्स' दिसतं. हे करणारी फाइल म्हणजे त्या फोल्डरमधली लपलेली 'डेस्कटॉप.आयएनआय'. तिच्यात दाखवायचं नाव वेगळं लिहिलेलं असतं. फोल्डरवर 'रीड ओन्ली' किंवा 'सिस्टिम' खूण असेल तरच एक्सप्लोरर ती फाइल वाचतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयआर' केलं की खरी नावं दिसतात. वापरात नसलेल्या प्रतीमधली ही फाइल डिलीट करायला हरकत नाही. सर्व्हरवर मात्र व्यवस्थापकाच्या खात्याला तेवढ्या फाइलचा वाचण्याचा अधिकार नाकारणं बरं.

विंडोज मराठीत केल्यावर फोल्डरचं नाव मराठीत आणि पत्ता इंग्रजीत दिसतो, तेही याच यंत्रणेमुळे. खरा फोल्डर बदललेला नसतो. लिनक्सचं वागणं याच्या अगदी उलट. भाषा मराठी करून लॉगिन केलं की ठरावीक फोल्डरांची नावं नव्या भाषेत करायची का असं तो विचारतो, आणि हो म्हटलं तर नोंदीच खरोखर नव्या नावांच्या फोल्डरांकडे वळतात. जुन्या स्क्रिप्ट आणि बॅकअप मग चुकीच्या जागी बघत बसतात. जुनी नावं ठेवा असंच उत्तर द्यावं. बाजूच्या पट्टीतून एखादा फोल्डर गायब झाला असेल तर होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'कॉन्फिग'मध्ये 'यूजर-डिर्स' फाइल उघडून पाहा. फोल्डर सापडला नाही की त्याची नोंद थेट होमकडे वळवली जाते. फोल्डर पुन्हा तयार करा, नोंद दुरुस्त करा, लॉगआउट करून परत या.

आत जाऊ न देणारे 'माय म्युझिक' आणि 'माय पिक्चर्स'

दोन खिडक्यांचा एखादा फाइल मॅनेजर वापरत असाल आणि त्यात लपलेल्या गोष्टी दाखवणं चालू असेल, तर डॉक्युमेंट्सच्या आत 'माय म्युझिक', 'माय पिक्चर्स', 'माय व्हिडिओज' असे तीन सबफोल्डर दिसतात. क्लिक केलं की 'ॲक्सेस इज डिनाइड'. हा बिघाड नाही. विंडोज एक्सपीमध्ये हे फोल्डर खरोखरच माय डॉक्युमेंट्सच्या आत होते. व्हिस्टाने त्यांना बाहेर काढलं आणि जुन्या प्रोग्रामांची वाट चुकू नये म्हणून जुन्या जागी जंक्शन ठेवली, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या. त्यांच्यातली यादी वाचायला मुद्दाम सगळ्यांनाच मनाई आहे.

ती मनाई उठवू नका. ॲपडेटाच्या 'लोकल'मध्ये असंच 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचं जंक्शन आहे आणि ते 'लोकल'कडेच परत वळतं. परवानगी बदलली तर बॅकअपचा प्रोग्राम त्यात शिरतो, पुन्हा तेच जंक्शन भेटतं, पुन्हा शिरतो, आणि पत्ता मर्यादेबाहेर जाईपर्यंत त्याच फाइल्सच्या प्रती काढत राहतो. हे फोल्डर दिसायला नको असतील तर फाइल मॅनेजरमध्ये सिस्टिम फाइल्स दाखवणं बंद करा. डिस्क थेट वाचणाऱ्या अशा मॅनेजरांना आणि कमांड प्रॉम्प्टला लायब्ररी कळत नाही, त्यांच्यात नेहमी खऱ्या पत्त्यानेच जा.

यादी हळू भरते, व्ह्यू दर वेळी बदलतो

प्रत्येक फोल्डरला पाचपैकी एक साचा असतो: जनरल, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओ. हजारो मिश्र फाइल्सच्या फोल्डरला पिक्चर्सचा साचा लागला की एक्सप्लोरर प्रत्येक फाइल उघडून तारीख, टॅग आणि लहान चित्र शोधत बसतो. प्रॉपर्टीजमध्ये 'कस्टमाइज' टॅबवर 'जनरल आयटेम्स' निवडा आणि खालची, सगळ्या सबफोल्डरना लागू करण्याची चौकट टिक करा. लायब्ररीसाठी हीच निवड लायब्ररीच्या स्वतःच्या प्रॉपर्टीजमध्ये असते. तोच फोल्डर लायब्ररीतून उघडला आणि थेट ड्राइव्हवरून उघडला, तर दोन्हींचा व्ह्यू वेगवेगळा लक्षात ठेवला जातो. म्हणून एकीकडे केलेला बदल दुसरीकडे दिसत नाही.

सगळंच विस्कटलं असेल तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, बदलणारा रजिस्ट्री एडिटर उघडा. करंट यूजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, लोकल सेटिंग्ज, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, शेल या वाटेने जा. तिथे 'बॅग्ज' आणि 'बॅगएमआरयू' अशा दोन की आहेत. 'शेल' एक्स्पोर्ट करून ठेवा, त्या दोन्ही डिलीट करा आणि टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. सगळ्या फोल्डरांचे व्ह्यू कोरे होतात, फाइल्सना धक्का लागत नाही.

डॉक्युमेंट्स थेट डी ड्राइव्हवर हलवलं असेल तर

ही चूक निस्तरायला सगळ्यात किचकट. डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमधल्या 'लोकेशन' टॅबवर 'मूव्ह' दाबून फोल्डर न करता नुसता डी ड्राइव्ह निवडला, की आख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होतो. डीवरचं सगळं लायब्ररीत ओतलं जातं, आणि पिक्चर्सही तिथेच न्यायला गेलात तर जागा एकच असल्यामुळे नकार मिळतो. परतीच्या वाटेवर विंडोज सगळ्या फाइल्स हलवू का विचारतं, तेव्हा 'नो' म्हणा, नाहीतर डीवरचं सगळं सीवर जाऊ लागेल.

परतीची वाट बंद झाली असेल तर रजिस्ट्रीत करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, 'यूजर शेल फोल्डर्स' इथे जा. डॉक्युमेंट्सचं नाव तिथे 'पर्सनल' आहे. त्याची किंमत बदलून डीवर मुद्दाम केलेल्या एखाद्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा, साइन आउट करून परत या आणि फाइल्स हाताने हलवा. रजिस्ट्री फक्त पत्ता बदलते.

मराठी नावांचे दोन सापळे

'शेतकऱ्यांचे अर्ज' नावाचे दोन फोल्डर एकाच ठिकाणी दिसतात, अक्षर न्‌ अक्षर सारखे. विंडोज एका जागी दोन सारखी नावं ठेवू देत नाही, म्हणजे ती सारखी नाहीतच. एका कीबोर्डवर अर्धा र नुक्त्याच्या ऱ ने बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही एकच, डिस्कला वेगळी. एक नाव कॉपी करून सर्चमध्ये टाकलं तर दुसरं सापडेलच याची खात्री नाही. एका फोल्डरमधल्या फाइल्स दुसऱ्यात हलवा, आकडे जुळवा आणि रिकामा झालेला काढून टाका. ऑफिसात सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवून घेतला तर हे पुन्हा होत नाही.

दुसरा सापळा लांबीचा. पूर्ण पत्ता २६० वर्णांच्या आत बसावा लागतो, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'कार्यालयीन' वाचताना पाच अक्षरं, मोजताना दहा वर्ण. फोल्डरच्या आत फोल्डर असे सात-आठ थर झाले की खालचा सबफोल्डर उघडत नाही किंवा कॉपी होत नाही. वनड्राइव्हमध्ये गेल्यावर पत्ता आणखी नऊ वर्णांनी लांबतो, ऑफिसच्या खात्यात त्याहून जास्त. म्हणून काल उघडणारा फोल्डर आज अडतो. वरच्या थरांची नावं आखूड करा. 'कार्यालयीन पत्रव्यवहार २०२४' ऐवजी 'पत्रे २४' पुरतं. वरचंही नाव बदलता येत नसेल तर 'सब्स्ट' कमांडने मधल्या फोल्डरलाच एखादं ड्राइव्हचं अक्षर द्या, त्या अक्षरातून आत शिरा, नावं आखूड करा आणि मग ते अक्षर काढून टाका.